हिदेगमालचं एक पिंप

या सगळ्यात वेंडेलला मिळणार काय होतं, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी त्याला उगाच साधू ठरवायला नको आणि उगाच खुळाही. गावाचा अंदाज असा, की म्हाताऱ्याला नाव हवंय: बाटलीवर हिदेगमाल या एकाच मळ्याचं नाव, त्याखाली त्याचं स्वतःचं, आणि जमलंच तर एगेर शहरातल्या वाइनच्या स्पर्धेतलं एखादं पदक. गावाची वाइन विकत घेणाऱ्या बोदोगच्या मते त्याला भाव चढवून हवा होता. पाद्रीबाबांना त्यात टेकडीवरची निष्ठा वगैरे दिसायची, पण त्यांना सगळ्यातच काही ना काही दिसतं. माझं वाइनचं तळघर त्याच्या समोर. दोन दारांच्या मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढीच वाट. त्यामुळे इतरांना अंदाज बांधावे लागायचे ते मला नुसतं स्टूल टाकून दिसायचं. वेंडेलला हवा होता एक आठवडा. बाटल्या भरायचा आठवडा.

आमच्या रांगेतल्या बहुतेकांची वाइन बोदोगकडे जाते. तो टँकर घेऊन येतो, जाड पाइप तळघरात सोडतो, पंप सुरू करतो, आणि आपली कॉफी गार व्हायच्या आत वर्षभराची मेहनत टँकरात जाऊन बसते. मग तो ती दहा जणांच्या वाइनमध्ये मिसळतो आणि बिकावेर, म्हणजे बैलाचं रक्त, या नावाने विकतो. वाईट नसते. लोक आवडीने पितात, मीही पिते. पण तिला माणसं लागत नाहीत. आपल्या मळ्याची वाइन वेगळी ठेवायची म्हटली की बाटल्या स्वतः धुवा, स्वतः भरा, बुचं ठोका, लेबलं चिकटवा. एक जण नळीशी, एक जण बुचाशी, असं दोघांचं काम. वेंडेलला हात दोनच, आणि उजव्याचा अंगठा दाबयंत्रात सापडल्यापासून तोही अर्धाच कामाचा. म्हणून दर ऑगस्टच्या शेवटी त्याची मुलगी बोग्लारका सीमेपलीकडच्या ग्रात्सहून यायची.

बोग्लारका तिकडे एका वृद्धाश्रमात आहे. परक्यांच्या बापांना आंघोळ घालते, भरवते, त्यांच्या त्याच त्या गोष्टी ऐकते. नाताळला ती इकडे दोन रात्री यायची. नोव्हेंबरात आईच्या कबरीवर मेणबत्ती लावून त्याच संध्याकाळी परत. पण बाटल्या भरायला म्हटलं की अख्खा आठवडा. काम आहे म्हटल्यावर तिकडचे साहेबही रजा देतात आणि नवराही कुरकुरत नाही. वेंडेलही ते काम असं काही ताणायचा, की आम्ही बायका पातळ पोळीचं पीठ टेबलभर ताणतो ते त्याच्यापुढे काहीच नाही. एक दिवस बाटल्या धुण्यात. एक दिवस त्या वाळण्यात. मग वाइनला जरा विसावा. मग भरणं, मग बुचं, मग लाख लावणं, आणि लेबलांचा वेगळा दिवस, कारण कणकेची खळ ताजी लागते म्हणे. चार पिंपं असतील तर या सगळ्याला आठवडा लागतोही. दोन असली तरी वेंडेल लावायचा.

बोदोग त्याला रस्त्यात गाठून चिडवायचा. "काका, तुमच्या वाइनचं लग्न करायचंय की नाही? अशी एकटीच म्हातारी होणार का?" वेंडेल चालता चालता म्हणायचा, तुझ्या टँकरात नुसतं वऱ्हाड भरलेलं असतं, त्यात नवरी कुठली ते तुलाही सांगता येत नाही. ऐकणारे हसायचे. बोदोगही हसायचा, पण दर वर्षी पुन्हा विचारायचा. त्याच्या मिश्रणाला जो तजेला लागतो तो खालच्या सपाटीवरच्या द्राक्षांत नसतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हिदेगमाल म्हणजे थंड उतार. खाली पांढरा चुनखडीचा दगड, वर हातभर माती, आणि संध्याकाळ झाली की जंगलातून उतरणारा गारठा. सपाटीवरचे लोक द्राक्षं काढून, दाबून, नाचून मोकळे होतात तेव्हा तिथली केकफ्रांकोश जातीची काळी-निळी द्राक्षं अजून दात आंबवत असतात. ऑक्टोबर अर्धा उलटला, सकाळी बोटं बधिर व्हायला लागली, की मग ती काढायची. त्यांची वाइन रंगाने पातळ. बिकावेरच्या शेजारी ठेवली तर कोणी पाणी घातलंय असं वाटावं. पण तोंडात घेतली की आंबट चेरी आणि मिरी, आणि गिळल्यावरही ती बराच वेळ जात नाही.

तर त्या वर्षी मे महिन्यातले ते तीन गोठवणारे संत, ज्यांच्या सणांना थंडीची शेवटची लाट येते ते, जरा जास्तच मन लावून आले. तीन रात्रींत वरच्या सगळ्या ओळींचे कोंब काळे पडले. उरलं त्यातलं सप्टेंबरात रानडुकरांनी खाल्लं. वेंडेलला द्राक्षं मिळाली ती एका पिंपाची, आणि पुढची दोन वर्षं तर तेवढीही नाहीत. सव्वादोनशे लिटरचं ओकचं एक पिंप, बस्स. बोदोग तेव्हा चिडवायला नाही, खरोखरच सांगायला आला, की काका, या वर्षी देऊन टाका, एका पिंपासाठी कोण एवढा खटाटोप करतं. वेंडेलने त्याला दारातूनच परत पाठवलं. एका पिंपाचाही आठवडा होतो, हा हिशेब त्याने मनाशी केलेला असणार.

काम मात्र त्याने चार पिंपांचं असावं तसं केलं. देठ हाताने काढले. उघड्या लाकडी कुंडात द्राक्षं टाकली, आणि थंडीमुळे ती आंबेनात म्हणून कुंडाभोवती बायकोची लग्नातली पिसांची रजई गुंडाळली. मग आतून खदखद सुरू झाली, टरफलांचा जाड थर वर आला, आणि तो सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने खाली दाबायला लागला. माझ्या दारातून त्याची पाठ दिसायची, वर-खाली, वर-खाली. नंतर जुन्या दाबयंत्रातून गाळून वाइन पिंपात गेली. तिथे तिने दोन हिवाळे काढायचे होते.

पिंपातली वाइन म्हणजे काही देवळातली मूर्ती नव्हे. ती कमी होते. लाकडातून श्वासासारखी थोडी थोडी उडून जाते, वर मोकळी जागा होते, तिथे हवा बसते, आणि हवा बसली की व्हिनेगर. म्हणून दर थोड्या दिवसांनी पिंप तोंडापर्यंत भरावं लागतं. आम्ही भरतो दुसऱ्या पिंपातून. वेंडेलची मागची सगळी वाइन बाटल्यांत गेलेली, दुसरं पिंप नव्हतं, आणि हिदेगमालमध्ये दुसऱ्या कुठल्या मळ्याचा थेंब घालायचा तर मग बोदोगच काय वाईट. अशा वेळी जुने लोक एक युक्ती करायचे: पिंपात खडे टाकायचे. खडा खाली जातो, वाइन वर येते, पिंप पुन्हा भरलेलं. खडे मात्र टेकडीवरचे चालत नाहीत, चुनखडी वाइनमध्ये फसफसते आणि सगळा आंबटपणा खाऊन टाकते. ओढ्यातले गारगोटीचे लागतात, पांढरे, गुळगुळीत. वेंडेल ते बादलीने आणायचा आणि गुलाशचा रस्सा शिजवायच्या काळ्या कढईत उकळायचा. एकदा ओढ्यावर वाकलेला बघून मी विचारलं, काय वेंडेल, मासे धरतोयस? म्हणाला, "अक्रोड गोळा करतोय, शेजारीणबाई." आकाराने ते तेवढेच होते. बुचाच्या भोकातून जातील असे.

उडून जाण्यापुरते खडे टाकले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मध्ये रविवार यायचा.

रविवारी दुपारी बोग्लारकाचा फोन. ती विचारायची, वाइन कशी आहे? बाप-लेकीत दुसरा विषयच उरला नव्हता. त्याच्या गुडघ्यांबद्दल बोललं की ती तिकडच्या डॉक्टरच्या सुरात बोलायला लागायची. तिच्या नवऱ्याबद्दल बोललं की तो गप्प व्हायचा. आईबद्दल दोघंही बोलायचे नाहीत. वाइनबद्दल मात्र वेंडेल रंगात यायचा. दार उघडं टाकून बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. या आठवड्यात अजून दाताला लागतेय. या आठवड्यात मिरी पुढे आली, चेरी मागे गेली. वसंतात तळघर जरा उबदार झाल्यावर त्याने पिंपाला कान लावून ऐकलं आणि तिला कळवलं, की ती पुन्हा पुटपुटायला लागलीये, आता आंबटपणाची धार उतरेल. ती तिकडून विचारायची, मग उतरली का? तो म्हणायचा, पुढच्या रविवारी सांगतो.

आता सांगायचं म्हणजे चाखायला हवं. आधी तो फक्त शनिवारी चाखायचा. पण शनिवारी सर्दी झालेली असली तर? म्हणून बुधवारी पण. मग त्याच्या लक्षात आलं, की रोज थोडी घेतली तर रोजचा फरक कळतो, आणि रविवारी सांगायला भरपूर मिळतं. पिंपातून वाइन काढायच्या काचेच्या लांब नळीला आमच्या भाषेत चोर म्हणतात. हा चोर संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आत जायचा आणि एक ग्लास घेऊन बाहेर यायचा. वेंडेल दाराजवळ बसून तो ग्लास सावकाश संपवायचा, ओठ हलवत, जणू कोणाला सांगायच्या वाक्याची तालीम चाललीये. मग उठून एक मूठ खडे मोजून टाकायचा, बूच ठोकायचा, पिंपावर टिचकी मारायचा. भरलेलं.

मला हिशेब करायची वाईट खोड आहे. पहिला हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या दारामागची उकळलेल्या खड्यांची रास तिसऱ्यांदा संपली, तेव्हा मी त्याला म्हटलं, वेंडेल, तुझं पिंप भरलेलं आहे हे मान्य, पण कशाने? तो म्हणाला, "वरून बघ की, वाइनच दिसते." वरून बघितली. वाइनच दिसत होती.

बोग्लारका त्या ऑगस्टमध्ये रविवारी संध्याकाळी उतरली. भोपळ्याच्या बियांचं तेल घेऊन आली होती, दर वेळी आणते. वेंडेलने धुरावलेल्या मांसाचं हाड घालून घेवड्याचं सूप केलं होतं, मलाही बोलावलं. जेवताना त्याने आठवड्याचा सगळा बेत सांगितला, कुठल्या दिवशी काय. ती हसून म्हणाली, एका पिंपाला एवढं? पण तिने ऐकून घेतलं. या वेळी तिला रजा सहज मिळाली नव्हती, नाताळच्या दोन पाळ्या एका मैत्रिणीकडून अंगावर घेऊन तिने हा आठवडा विकत घेतला होता.

बाटल्या वेंडेलने आधीच धुऊन ठेवल्या होत्या, पण सोमवारी सकाळी त्याने त्या पुन्हा विसळून घेतल्या. मग नळी लावली. बोग्लारका भरायची, तो बुचं दाबायचा, मी बाटल्या पुसून आडव्या रचायची. तो तिला विचारत होता, वास बघितलास? ती म्हणाली, फोनवर सांगितलात अगदी तसाच आहे. म्हाताऱ्याच्या कानापर्यंत रंग चढला.

दुपारच्या घंटेच्या आधीच धार बारीक झाली. मग थेंब. बोग्लारकाला वाटलं नळीत गाळ अडकला असेल. तिने फुंकर मारून पाहिली. मग शेवटची वाइन पुढे यावी म्हणून तिने मागून पिंप कलतं करायला खांदा लावला. रिकामं पिंप एका हाताने डुलतं. हे जागचं हललं नाही. तिने दोन्ही पाय रोवून पुन्हा ढकललं, तेव्हा आतून ओढ्याला पूर आल्यासारखा खड्यांचा आवाज झाला आणि पुन्हा सगळं गप्प.

थोडे खडे असतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने बूच काढलं, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि बराच वेळ बघत राहिली. वेंडेल बुचं दाबायच्या यंत्राशी उभा होता, पुढच्या बाटलीची वाट बघत असल्यासारखा.

"बाबा, बाकीची कुठंय?"

"विकली."

"कोणाला?"

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या काळ्या बुरशीकडे. "बोदोगला. गेल्या हिवाळ्यात. कॅनने नेली."

ती म्हणाली, बिकावेरमध्ये घालायला? तो म्हणाला, हो. तिने ॲप्रनला हात पुसले आणि बोदोगच्या घराच्या वाटेला लागली. मी तिच्या मागे गेले, कारण बोदोगच्या तोंडून आता काय निघेल याची मला धास्ती होती.

बोदोग अंगणात पंप उघडून बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं, माझ्या बापाकडून हिदेगमालची वाइन घेतलीस का? बोदोगने हसायला तोंड उघडलं. इतकी वर्षं मागून जे मिळालं नाही ते मिळाल्याचं त्याला आत्ता कळत होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या कोंबड्या बघत होते. बोदोग काहीही असो, पण व्यापारी आहे, समोरच्याच्या तोंडावरचं वाचल्याशिवाय तो बोलत नाही. हातातला पाना खाली ठेवायला त्याने जरा वेळ लावला.

"घेतली," तो म्हणाला.

"मला एक शब्द कळवला नाही कोणी."

"चांगली होती, पोरी. चांगल्या मालाचा बोभाटा करत नसतात."

"गावात जे म्हणून चांगलं असेल ते तुझ्या टँकरात जायलाच हवं, नाही का?" ती म्हणाली, आणि वळली. बोदोगने पाना उचलला आणि पुन्हा पंपावर वाकला.

परत आल्यावर तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ती बापाला म्हणाली, की तिला वाटत होतं हे सगळं टेकडीसाठी चाललंय. लहानपणापासून ऐकत आले, हिदेगमालची वाइन कशात मिसळायची नाही, म्हणून नाताळ देऊन इथे बाटल्या भरायला येते. तुम्ही मागच्या दाराने कॅन विकणार असाल तर सरळ टँकर बोलवा, मलाही दगदग नको. वेंडेल म्हणाला, बरं. तिने जरा थांबून पाहिलं, तो आणखी काही बोलेल म्हणून. मग ती आत जाऊन बॅग भरायला लागली. वृद्धाश्रमात माणसं कमी होती, लवकर आली तर हवीच होती.

ती आत होती तेवढ्यात मी वेंडेलला दाराशी गाठलं. म्हटलं, अरे, सांग तिला तूच प्यायलास म्हणून. स्वतःची वाइन स्वतः प्यायली, यात कोणाच्या बापाचं काय गेलं?

तो म्हणाला, "शेजारीणबाई, ती तिकडे दिवसभर काय बघते? एकटे बसणारे म्हातारे. तिला कळलं की मी पण रोज संध्याकाळी इथे असा बसतो, तर ती दर महिन्याला येईल."

"मग येऊ दे की."

"कीव करायला येईल. आजवर कामाला येत होती." त्याने पिंपावर बूच टेकवलं, ठोकलं नाही. "लबाड बाप असलेला बरा. त्याच्यावर रागावता तरी येतं."

मंगळवारी सकाळच्या बसने ती गेली. उरलेल्या आठवड्यात वेंडेलने ठरवल्या दिवशी ठरवलं काम केलं. एक दिवस लाख लावली, एक दिवस खळ शिजवली. अर्ध्या अंगठ्याने चिकटवलेली लेबलं सगळी डावीकडे झुकलेली आहेत. रविवारी फोन आला. वाइन कशी आहे, तिने विचारलं. बाटलीत गेली, तो म्हणाला. बाटलीतल्या वाइनबद्दल दोन-चार वर्षं सांगण्यासारखं काही नसतं. मग तिने गुडघ्यांबद्दल विचारलं आणि त्याने ते बरे असल्याचं सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात संतांनी दया केली. हिदेगमालवर कधी नव्हे इतकी द्राक्षं आली. तीन पिंपं भरली असती, खराखुरा आठवडा झाला असता. वेंडेलने ती काढली, आंबवली, दाबली, सगळं नीट केलं, आणि नाताळाआधी स्वतःच बोदोगला फोन केला. टँकर आला. पाइप सोडल्यावर बोदोगने पंपाच्या बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "काका, नक्की ना?" एरवी तो लग्नाचं काहीतरी बोलला असता. वेंडेलने मान हलवली आणि पाइप हलू नये म्हणून स्वतःच धरून उभा राहिला. माझ्या शेगडीवरची कॉफी तेवढ्यात उतू गेली.

त्या वर्षीच्या बिकावेरला एगेरमध्ये पदक मिळालं. आता या सगळ्याची किंमत कोणी मोजली ते बघायचं, तर ज्यांनी ती प्यायली त्यांनी नेहमीचाच भाव दिला, त्यांच्याकडे काही बाकी निघत नाही. बोदोगने जे घेतलं नव्हतं ते घेतलं म्हणून सांगितलं, आणि त्यात लहानपणापासूनची एक ओळख घालवली. बोग्लारका आता कबरस्तानात मेणबत्ती लावायला येते तेव्हा त्याच्या नमस्काराला मान फिरवते, आणि तो तरीही दर वेळी करतो. बोग्लारकाचे नाताळचे दोन दिवस गेले, ते त्याच वर्षी फिटले. मी काही दिलं नाही. गमावलेल्या आठवड्याची भरपाई करायला उरला एकटा वेंडेल, आणि तो ती अजून भरतो आहे, दर रविवारी, फोनवर, थोडी थोडी.